बिनशर्त आलेल्यांचा हक्क



हैदराबाद मुक्तिसंग्रामात ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या स्मरणासाठी आज आपण जमलो आहोत. वापटीचे बहिर्जी शिंदे हे नाव इथे कोणाला सांगावे लागत नाही. वसमतचा तो भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. हुतात्म्यांविषयी आदराने बोलावे, हार घालावा आणि घरी जावे, एवढ्यावर आपण फार वर्षे भागवले. त्यांच्या लढ्याच्या पोटात एक प्रश्न होता आणि तो अजून आपल्यासमोर आहे. एका मोठ्या संघराज्यात अनेक भाषांचे, अनेक इतिहासांचे समाज एकत्र नांदतात, तेव्हा एकत्र राहण्याचा निर्णय कोणी घ्यायचा? आणि तो घेऊन झाल्यावर, निर्णय घेणाऱ्यांच्या हाती पुढे काय राहते?

जून 1947 मध्ये निजामाने फर्मान काढून जाहीर केले की इंग्रज गेल्यावर हैदराबाद भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही जाणार नाही. स्वनिर्णयाचीच भाषा ती. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रारही नेली. पण 1941 च्या शिरगणतीप्रमाणे या संस्थानात 1 कोटी 63 लाख माणसे होती. त्यांतली जवळजवळ निम्मी तेलुगू बोलणारी, सुमारे पाव मराठी, दहाबारा टक्के कन्नड आणि साधारण तेवढीच उर्दू. प्रौढ मतदानाने निवडलेले विधिमंडळ या लोकांना कधी मिळाले नव्हते. सभा घ्यायची तर गश्ती निशाण 53 प्रमाणे आधी परवानगी. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू. अशा राज्यात एका माणसाच्या सहीने ठरलेली स्वतंत्रता लोकांची कशी म्हणायची? राजाचा स्वनिर्णय आणि प्रजेचा स्वनिर्णय यांच्यातले अंतर या मातीने जेवढे स्पष्ट पाहिले, तेवढे भारतात फार थोड्या ठिकाणी कोणी पाहिले असेल.

आता एक गोष्ट परभणीकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. परतूर तालुका 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, मग तो नव्या जालना जिल्ह्यात गेला. म्हणजे संस्थानातल्या मराठी माणसांनी पहिल्यांदा एकत्र बसून आपल्या हक्कांचा विचार केला तो आपल्या जिल्ह्यात. शेजारी तेलुगू भागात आंध्र महासभा होती, कन्नड भागात कर्नाटक परिषद. तीन भाषांच्या तीन संघटना, आणि लढा मात्र एकाच सत्तेशी. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ती 1946 पर्यंत टिकली. त्या काळात माणसे एकत्र आली ती या भाषिक परिषदांच्या, शाळांच्या, वाचनालयांच्या आधाराने. हिप्परग्याची शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, सेलूचे नूतन विद्यालय: शिक्षण आणि राजकारण इथे वेगळे करताच येत नव्हते.

या तिन्ही परिषदांची माणसे एकमेकांना परकी मानत नव्हती. विजापूरकडच्या सिंदगीत जन्मलेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्यात आणि अंबाजोगाईत शिक्षक झाले, सगळ्या संस्थानाचे नेते झाले. 1952 मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले आणि 1957 मध्ये औरंगाबादहून. आणि याच स्वामीजींनी हैदराबाद राज्याचे भाषेनुसार त्रिभाजन व्हावे, असा आग्रह धरला. पंडित नेहरूंचे मन तेव्हा तयार नव्हते. हैदराबादची मिश्र संस्कृती त्यांना जपावीशी वाटत होती. स्वामीजींना ती संस्कृती नको होती असे मुळीच नाही. जी मिश्रता वरून लादली गेली आणि जिच्यात तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांना कचेरीत आपली भाषा बोलता येत नाही, ती लोकशाहीत टिकणार नाही, हे त्यांना दिसत होते. माझ्या मते त्यांचेच बरोबर होते.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. हैदराबाद राज्य संपले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. ही रेघ ओढताना केवळ जिल्हे पाहिले गेले नाहीत. बिदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर तालुके इकडे आले. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा आले, बोथ तालुक्यातले फक्त इस्लापूर मंडळ आले. नांदेडमधून देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे गेली, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे गेली. महसुली मंडळापर्यंत उतरून भाषेचा विचार झाला, हे चांगलेच झाले. पण त्या मंडळांतल्या एकाही गावाला मतदानाने विचारले गेले नाही. विचारण्याची घटनात्मक गरजही नव्हती. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसद राज्य निर्माण करू शकते, मोडू शकते, सीमा हलवू शकते. विधिमंडळाचे मत मागवावे लागते, ते मानावे लागत नाही.

घटनाकारांनी हे जाणूनबुजून केले. भारतीय संघराज्य हे घटक राज्यांमधल्या कराराचे फळ नाही आणि म्हणून कोणाला त्यातून फुटून जाण्याचा अधिकार नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मांडले. निजामाचे राज्य शरण आल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. फुटून निघण्याच्या हक्काबाबत मी बाबासाहेबांशी पूर्ण सहमत आहे. इथिओपियाच्या 1995 च्या संविधानात, अनुच्छेद 39 मध्ये, प्रत्येक राष्ट्रसमूहाला अलग होण्याचा अधिकार लिहून ठेवलेला आहे. तरी नोव्हेंबर 2020 मध्ये तिग्रायमध्ये भीषण युद्ध पेटले. कागदावरच्या त्या हक्काने तिग्रायच्या गावांना वाचवले नाही.

तरीही प्रश्न संपत नाही, कारण फुटून जाणे हा स्वनिर्णयाचा एकच प्रकार आहे, आणि आपल्याला तो कधीच नको होता. ज्यांना राहायचे आहे, त्यांच्या स्वनिर्णयाचे काय? कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 1995 साली सार्वमत झाले आणि एक टक्क्याच्या आसपासच्या फरकाने तिथल्या लोकांनी देशात राहण्याचा कौल दिला. 1998 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आले, तर बाकीच्या देशाला वाटाघाटी कराव्याच लागतील. या निकालातला मला भावणारा भाग आहे तो वाटाघाटीच्या बंधनाचा. स्वित्झर्लंडमध्ये तर याहून धीराने काम झाले. बर्न प्रांतातल्या फ्रेंच भाषक जुरा भागाने 1974 पासून एकामागून एक मतदाने केली, आधी सगळ्या भागाचे, मग जिल्ह्यांचे, मग सीमेवरच्या गावांचे. 1979 मध्ये जुरा हा स्वतंत्र प्रांत झाला. मूतिये हे गाव बर्नमध्येच राहिले होते. 2021 च्या मतदानाने त्याने जुरात जायचे ठरवले आणि 1 जानेवारी 2026 रोजी ते गेले. एका गावासाठी देश जवळजवळ पन्नास वर्षे थांबला. कर्नाटकात गेलेल्या बेळगाव, निपाणी, भालकीकडच्या मराठी माणसांनी खेडे हा घटक धरा, भौगोलिक सलगता पाहा, भाषिक बहुमत पाहा आणि लोकांची इच्छा विचारा, असे वर्षानुवर्षे सांगितले. तेव्हा त्यांनी याच तत्त्वाचा आधार घेतला होता. या सीमाभागाबाबतचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

आता आपल्या घरात येऊ. मराठी प्रदेश एका राज्यात आणण्यासाठी 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. अकरा कलमे होती. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्याबरोबर विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या नेत्यांनी सह्या केल्या. आपल्याकडून देवीसिंह चौहान होते. निधी, नोकऱ्या, तंत्रशिक्षण यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, असे त्यात होते. पण करार असूनही मराठवाडा 'बिनशर्त' आला असेच आपण सांगतो, आणि त्याला अर्थ आहे. विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला ठरले. मराठवाड्याने स्वतःसाठी तसे काही मागितले नाही. निजामाच्या राज्यात शतकानुशतके राहिलेल्या या लोकांना आपल्या भाषेच्या घरी यायची ओढ होती. घरी येताना अटी कोण घालतो? गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी पुढे आयुष्यभर मराठवाड्याच्या हक्कांसाठी भांडण केले, ते याच विश्वासावर.

त्या विश्वासाचे काय झाले हे पाहायला हैदराबादचे तीन तुकडे शेजारीशेजारी ठेवावे लागतात. तेलंगणाला राज्य पुनर्रचना आयोगाने निवडीची संधी दिली होती: 1961 च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोनतृतीयांश बहुमताने ठरवले तर आंध्रात जावे. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या या आयोगाने मराठवाड्याला असा पर्याय ठेवला नाही, कारण मराठवाडा काय म्हणेल हे सगळ्यांना ठाऊक होते. 20 फेब्रुवारी 1956 रोजी तेलंगणाने आंध्रच्या नेत्यांशी लेखी करार केला: प्रादेशिक समिती, स्थानिकांसाठीच्या मुलकी नोकऱ्या, तेलंगणाचा महसूल तेलंगणात. करार मोडला गेला असे लोकांना वाटले. 1969 मध्ये मोठे आंदोलन झाले, 1973 मध्ये प्रादेशिक समितीच गेली. शेवटी 2 जून 2014 रोजी तेलंगणा वेगळे राज्य झाले. बिदर, गुलबर्गा, रायचूर कर्नाटकात गेले. त्यांनी दीर्घ मागणी करून 2012 च्या 98 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371 ञ मिळवला. त्यात वेगळे विकास मंडळ आहे, त्याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे येतो, आणि त्या प्रदेशात जन्मलेल्यांना शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागा ठेवता येतात.

मराठवाड्यासाठी अनुच्छेद 371(2) हा 1956 पासून संविधानात आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांकडे देऊ शकतात, असे तिथे लिहिले आहे. ती मंडळे प्रत्यक्षात आली ती 1994 मध्ये, अडतीस वर्षांनी. मधल्या काळात काय घडले? 1972 मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ आले. 1974 मध्ये विकास आंदोलन पेटले आणि वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी गेले. 1981 मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला बसू लागले. 1984 मध्ये वि. म. दांडेकरांच्या समितीने जिल्हानिहाय, क्षेत्रनिहाय मोजमाप करून राज्यभराचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटी असा मांडला. त्या अहवालाने मोठे काम केले. आपल्या तक्रारीला आकड्यांत बोलायला शिकवले. प्रदेशांनी भावनेने भांडण्याऐवजी रस्ते, सिंचन, वीज, शाळा यांची सरासरी समोर ठेवून भांडावे, ही सवय महाराष्ट्रात दांडेकरांनी लावली.

आणि 30 एप्रिल 2020 रोजी विकास मंडळांची मुदत संपली. पुढे ती पुन्हा सुरू करण्याचे ठराव झाले, घोषणा झाल्या. पण ज्या संस्थेची मुदत असते आणि ती मुदत वाढवणे दुसऱ्याच्या मर्जीवर असते, तिला हक्क म्हणता येत नाही. संविधानात राष्ट्रपती आदेश 'देऊ शकतील' असे आहे. देतीलच असे नाही. आपण बिनशर्त आलो, त्याचे उत्तर हे असे सशर्त मिळाले.

गोदावरीचे पाणी घ्या. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली. पैठणचा डावा कालवा 208 किलोमीटर धावून परभणी जिल्ह्यात येतो, आणि टेलच्या शेतकऱ्याला त्याची किती ओल लागते हे या सभागृहातल्या अनेकांना माझ्याहून चांगले माहीत आहे. दोन राज्यांत पाण्याचा तंटा झाला तर संविधानाने लवादाची सोय केलेली आहे. गोदावरीसाठी बच्छावत लवाद बसलाच. पण एकाच राज्यात नाशिक-नगरची धरणे वर आणि जायकवाडी खाली असेल, तर खालच्याने कोणाकडे जायचे? 2005 पर्यंत याला कायद्यात उत्तर नव्हते. त्या वर्षीच्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. 2014 मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, हा दंडक त्यातून रुजला. वरच्या भागातल्या शेतकऱ्यांचा राग मी समजू शकतो. त्यांचीही पिके उभी असतात. तरी दरवर्षीच्या मनधरणीपेक्षा असा लिहिलेला दंडक मला कितीतरी मोलाचा वाटतो, कारण त्याच्या आधारे खालचा माणूस ताठ मानेने उभा राहून बोलू शकतो.

मराठवाडा हा एकजिनसी समाज नाही, हेही इथे सांगितले पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे अर्धे खोटे ठरेल. 1955 मध्ये बाबासाहेबांनी भाषिक राज्यांवर पुस्तिका लिहिली, तिच्यात मराठी भाषकांची चार राज्ये सुचवली होती. परभणी मध्य महाराष्ट्रात आली असती. एका भाषेचे एकच प्रचंड राज्य झाले की त्यात एका मोठ्या जातीचे वर्चस्व होईल आणि लहान समाज दबतील, ही त्यांची चिंता होती. ती खोटी ठरली असे म्हणायचे धाडस मी करणार नाही. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव होताच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, पोचिराम कांबळे यांचा खून झाला. मुंबईकडे न्याय मागणारा मराठवाडा आपल्याच गावकुसाबाहेरच्या माणसाला न्याय देत नव्हता. नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. आणि डिसेंबर 2024 मध्ये याच परभणीत, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग बंद, धरपकड, आणि एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू. त्या तरुणाचा न्याय हा आजच्या विषयाबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

तसेच मुस्लिम समाजाचे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी केलेले अत्याचार आपण दर सप्टेंबरात आठवतो, आठवलेच पाहिजेत. पण निजामाला शरण आणणाऱ्या पोलिस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची हत्या झाली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने ते नोंदवले, आणि तो अहवाल कितीतरी वर्षे लोकांपुढे आला नाही. तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला सगळी परभणी जाते. त्या परभणीला हा इतिहास ऐकण्याचे बळ आहे, असे मी मानतो.

आणि जिंतूरच्या तांड्यांवरचा बंजारा समाज. 1956 ची रेघ या माणसांना विचारून ओढली नव्हती. आज तेलंगणातला लंबाडा अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकातला लंबाणी अनुसूचित जातीत, आणि महाराष्ट्रातला बंजारा विमुक्त जातींत. भाषा एक, देव एक, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत, आणि सरकारी दाखले तीन तऱ्हेचे. 2 सप्टेंबर 2025 रोजी मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी शासनाने निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला, तेव्हा बंजारा समाजानेही त्याच गॅझेटवर बोट ठेवून मोर्चे काढले. मागणी मान्य व्हावी की नाही यावर मतभेद असू शकतात, आणि आदिवासी समाजाचे म्हणणेही तितकेच ऐकले पाहिजे. पण जुने हैदराबाद संपले असे समजणाऱ्यांना हे उत्तर आहे. आपल्या जिल्ह्यातला कूळखटला अजूनही 1950 च्या हैदराबाद कायद्याखाली चालतो, जमिनीच्या भांडणात 1954 चे खासरा पत्रक निघते, आणि परभणी स्थानक आजही सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे. अशा वेगळ्या वाटांनी आलेल्या समाजांना एकाच साच्याचे नियम पुरत नाहीत, हे महाराष्ट्र राज्याने 1960 मध्ये स्थापनेवेळीच ओळखायला हवे होते.

शेवटी जिल्ह्याकडे येतो. महाराष्ट्राने 1962 मध्ये जिल्हा परिषदा सुरू केल्या, 1993 मध्ये त्यांना घटनेचा आधार मिळाला. तरी मार्च 2022 नंतर कित्येक वर्षे परभणीच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला होता. मुंबईने आपले ऐकावे म्हणणाऱ्या आपण, आपली जिल्हा परिषद बंद असताना रस्त्यावर का आलो नाही, हे मला अजून कळलेले नाही.

माझी मागणी ठोस आहे. मराठवाडा विकास मंडळाला मुदत नसावी. त्यातले निम्मे सदस्य आठ जिल्ह्यांच्या परिषदांनी आणि नगरपालिकांनी निवडून द्यावेत, आणि त्यांत दलित, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक आणि स्त्रिया यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. मंडळाचा हिशेब 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिनापूर्वी छापून प्रत्येक ग्रामसभेत वाचला जावा. राज्याला तो फेटाळायचा असेल तर विधिमंडळात लेखी कारण द्यावे लागावे. अनुच्छेद 371(2) मध्ये 'देऊ शकतील' आहे ते बंधनकारक व्हावे, यासाठी घटनादुरुस्तीचा ठराव आधी विधानसभेत यावा. कर्नाटकातल्या आपल्या जुन्या शेजाऱ्यांनी चिकाटीने घटनादुरुस्ती करून घेतली, तेव्हा हे अशक्य नाही.

हा ठराव परभणी जिल्ह्यातून निघावा. त्याचा कच्चा मसुदा मी बरोबर आणला आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर त्याच्या प्रती आता वाटाव्यात. आपण तो वाचावा, त्यात दुरुस्त्या लिहाव्यात, आणि पुढच्या ग्रामसभेत आपापल्या गावी मांडावा.